नसल्याची खात्री

आधी चाळीस सेकंद लागायचे.
ऑक्टोबरात चार मिनिटं झाली, कुणी बोललं नाही.
आता एकोणीस.

तोर्शाव्हनला, आमच्या मत्स्यसंशोधन संस्थेत,
दर अर्ध्या तासाला एक फेरी निघते.
यंत्रायंत्राच्या दारात जाते, यादी उघडते, विचारते:
ही खाती आहेत ना?
ज्यांची नकोत, त्यांची नाहीत ना?
हल्ली ती परतून बूड टेकते न टेकते
तोच निघायची वेळ झालेली असते.

हेइन म्हणाला, वारा.
बोट चुकली तरी त्याचा वाराच असतो,
पाव करपला तरी वारा.
मी केबल तपासली. ठणठणीत.
डिस्कची काही तक्रार नव्हती.
प्रोसेसर तर खिशात हात घालून उभा.
मग हेइनला पासवर्डांचा संशय आला,
आणि दोन तास आम्ही
साप साप म्हणून भुई धोपटली.
सातला तो घरी गेला. मुलीला ताप होता.

साडेअकराला मी फेरीच्या मागं मागं निघाले.
तिचं एकेक पाऊल वेळेसकट उतरवून घेतलं,
अकरा हजार ओळी,
आणि गार कॉफी पीत शोधत बसले
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय.

नावापाशी खात होतं. प्रत्येक नावापाशी.
सुन्व्हर आहे का, एवढंच विचारायचं होतं.
त्यासाठी यंत्र मुख्य सर्व्हरला सांगायचं: सगळी नावं म्हण.
तो म्हणायचा, पहिल्यापासून,
तीन हजार एकशे नावं.
सुन्व्हर सत्ताविसावी सापडली तरी
मधेच थांबवायची सोय नाही.
मग, बार्डुर आहे का?
सगळी नावं म्हण.
एका पोराला हाक मारायची
तर दर वेळी गावाची शिरगणती.

आम्ही थोडे होतो तोवर हे खपून गेलं.

आणि यादीतली निम्मी नावं तर गेलेल्यांची.
कुणी कोपनहेगनला, कुणी निवृत्त,
दोघं चर्चमागच्या जमिनीत.
प्रत्येकापुढं एकच शब्द: अनुपस्थित.
म्हणजे दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा
आम्ही जाऊन खात्री करतो
की तो माणूस अजूनही नाही.
इतक्या वेळा तर मी आईच्या खोलीतही
असो.

त्या ओळी पुसायला घेतल्या.
वरती दॉन्यालची टीप होती, नऊ वर्षांपूर्वीची:
"पुसू नका.
जहाजावरचं यंत्र सहा-सहा महिने गप्प असतं.
ते परत येतं तेव्हा त्याच्या लेखी
हा माणूस कामावरच असतो."
खाली नावं, त्यानं एकेक करून लिहिलेली.
सगळ्यात शेवटी, एका शुक्रवारी दुपारी चार दहाला,
त्याच्याच हातानं:
दॉन्याल, अनुपस्थित.
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

मी काही पुसलं नाही.
दुसऱ्याच एका फाइलमध्ये एक ओळ बदलली,
तिचा अर्थ साधारण असा:
विचारलं तेवढंच सांग.
पुढची फेरी एक्कावन्न सेकंदांत परतली.
विश्वास बसेना म्हणून आणखी दोनदा सोडली.
सकाळी हेइन म्हणाला, वारा पडलाय ना.
मी हो म्हटलं.

एप्रिलमध्ये जहाज धक्क्याला लागलं.
कुणीतरी त्याची वायर जोडली,
आणि दोन वीसची फेरी तिथंही जाऊन आली.
नोंद एवढीच:
दॉन्याल होता. काढला. कागद ठेवले.
कागद म्हणजे एक तक्ता,
कॉड माशांच्या कानातली हाडं,
त्यावरून मोजलेली वयं,
दोनशे चौदाव्या माशापाशी सोडलेला.

त्या फेरीला सात सेकंद जास्त लागले.
मी कारण शोधलं नाही.